मृगात हब लावायचे, पोळ्याला सोडायचे

माझ्यावर एक गुन्हा नोंद आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की शेषरावनं लपवलं. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणली, हा तो गुन्हा. मी तो केला. पश्चात्ताप झाला का, असं विचारणारे कळंबच्या बसस्टँडवर रोज एखादा तरी भेटतो. त्याला मी चहा पाजतो आणि नाही म्हणून सांगतो.

दिवाळी अंकवाल्या मॅडमनी नोकरीतले अनुभव लिहा म्हटलं. नोकरी मी केलीच नाही. सव्वीस वर्षं स्वतःची गाडी स्वतः चालवली, तीही जिथं रस्ता नाही तिथं. मॅडम म्हणाल्या, मग तेच लिहा, पण भाषा जरा शुद्ध ठेवा. शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो. राग आला की मात्र वऱ्हाडी येते, त्याला माझा इलाज नाही.

गाडी मूळची राजूरच्या बाजूची. तिथल्या कोळसा खाणीवर एक ठेकेदार माणसं ने-आण करायला ती वापरायचा. त्यानं नवी घेतली तेव्हा ही माझ्याकडं आली. आरसी बुकात तिचा प्रकार ‘स्टेशन वॅगन’ असा लिहिलेला. आमच्याकडं तिला तसं कोणी कधी म्हटलं नाही. जीपपेक्षा लांब म्हणून ‘लांबडी’ नाव पडलं ते पडलंच. पुढं दोन माणसं, मधे तीन, मागं समोरासमोर दोन बाकडी. कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे तुम्ही विचारू नका आणि मी सांगत नाही.

माझा धंदा साधा होता. डांबरी रस्ता संपला की तिथून पुढची गावं, तांडे आणि पोड माझे. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडं पोड म्हणतात. चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला येणारे, बाजाराला येणारे, दवाखान्याला येणारे, सगळे आठ महिने कशानंही यायचे. उरलेले चार महिने माझे.

आमच्या बापानं धम्मदीक्षा घेतल्यावर आम्हा पोरांना दोनच गोष्टी सांगितल्या. शाळा सोडायची नाही, आणि कोणाच्या दारात चप्पल हातात घेऊन उभं राहायचं नाही. पहिली मी नववीतच मोडली. दुसरी सांभाळली. चिखलात गाडी फसली की सगळं गाव खांद्याला खांदा लावून ढकलायचं, तेव्हा कोणी जात विचारत नव्हतं. गाडी निघाली की एखाद्या गावात पाण्याचा पेला मात्र माझ्यासाठी वेगळा यायचा. मी तो कधी तोंडाला लावला नाही. माझी पाण्याची कॅन माझ्या सीटखाली असायची. तो पेला तसाच परत जायचा आणि देणाऱ्याला सगळं कळायचं. दोन गावांत तो पुढं बंद झाला. तिसऱ्यात नाही झाला, तर तिथं मी पाणी मागणंच बंद केलं.

आता ज्यांनी अशी गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं शिकवतो. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते, बाकीची दोन नुसती सोबतीला असतात. माझ्या गाडीत मोठ्या गिअरच्या बाजूला एक आखूड दांडा होता. तो ओढला की ताकद चारही चाकांकडं जाते. आणखी ओढला की लो गिअर लागतो, म्हणजे गाडी बैलापेक्षा हळू चालते, पण ओढते मात्र चार बैलांचं. इथपर्यंत पुष्कळांना माहीत असतं. माहीत नसतो तो हब. जुन्या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी एक चकती असते. खाली उतरून ती हातानं फिरवली की चाक आतल्या आसाशी जोडलं जातं. चकती मोकळी असेल, तर तुम्ही आत बसून कितीही दांडे ओढा, पुढची चाकं लग्नातल्या पाहुण्यासारखी बसून राहतात.

दर वेळी चिखलात उतरून हब कोण फिरवणार? म्हणून आमच्या भागातल्या आम्ही चारपाच गाडीवाल्यांनी एक रीत धरली होती. मृगात हब लावायचे, पोळ्याला सोडायचे. मधल्या दिवसांत तिकडं बघायचं नाही. स्टिअरिंग जड होतं, डिझेल थोडं जास्त जातं, पण ऐन वेळेला गाडी तयार असते. मृगाच्या दिवशी लोक तिफणीला हळदकुंकू लावतात, आम्ही हबला ग्रीस लावायचो.

आमची काळी माती हा वेगळाच विषय आहे. पाऊस पडला त्या दिवशी ती घसरते, दुसऱ्या दिवशी धरते. टायर आणि मडगार्डच्या मधे अशी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं. शहरातले हौशी लोक रुंद टायर लावून येतात. रुंद टायर वाळूत चांगला, आमच्या मातीत तो वरच्या वर पोहतो. मी शेवटपर्यंत अरुंद टायर वापरला. तो चिखल कापत खाली जातो आणि मुरमाला टेकतो, आणि एकदा मुरूम लागला की गाडी आपली. लांब गाडीचं पोट लवकर टेकतं हे खरं आहे, पण तिचा मागचा भाग माणसांनी भरला की मागची चाकं जमीन सोडत नाहीत. माझे प्रवासी हे माझं वजन होतं. मी त्यांना तसं तोंडावर सांगायचो आणि जाड माणसांना मागं बसवायचो.

आणि शेवटचा नियम. नाल्यात चाक घालायच्या आधी पाय घालायचा. आपण स्वतः चालून पलीकडं जायचं, परत यायचं, मग गाडी.

मागच्या साली एका जिनिंगवाल्या शेठची कोरी गाडी आमच्या शिवारात फसली. आत टीव्हीएवढा पडदा, त्यावर चारही चाकांची चित्रं. चित्रातली चाकं फिरत होती आणि खरी तिथंच होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तिला माझ्या जुन्या गाडीनं ओढून काढलं, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण ती काढली दोन बैलजोड्यांनी. आणि माझी गाडीही बैलांनी काढलेली आहे, एकदा नाही, चांगली दहाबारा वेळा. न फसणारी गाडी कोणी बनवलेली नाही. फरक इतकाच की फसल्यावर काहून फसलो, हे मला कळायचं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची भेटली. त्यातले एक मी विसरणार नाही. फुलसावंगीकडचे शेतकरी, आपण त्यांना बापूसाहेब म्हणू. सासुरवाड आमच्या भागातली, म्हणून मुलींसाठी स्थळं इकडची बघायचे. पण कधी? ऐन श्रावणात. मुलगा बघायचा नाही, शेत बघायचं नाही. माझी गाडी ठरवायची, माझ्या शेजारी बसायचं आणि माझ्या डाव्या हाताकडं टक लावून बघायचं. मी तो आखूड दांडा ओढला रे ओढला की ते म्हणायचे, वळवा. “ज्या गावाले जायाले दोन दांडे लागते, त्या गावात मी पोरगी देत नाई.” माझ्या डाव्या हातानं तीन चांगल्या सोयरिकी मोडल्या. एका गावच्या मुलाकडच्यांनी तर मला निरोप पाठवला होता की त्या दिवशी गाडी बिघडली म्हणून सांगा.

त्यांच्या धाकट्या मुलीच्या वेळी मुलगा माझ्या ओळखीचा होता. निर्व्यसनी, कष्टाळू, बोलायला गोड. मला वाटलं, या पोराचं मोडायला नको. गावाच्या अलीकडं लांबलचक चिखल होता, तिथं दांडा ओढायलाच पाहिजे होता. मी नाही ओढला. क्लच जळेस्तोवर दोन चाकांवर गाडी काढली आणि तोंडावर असा भाव ठेवला जसा काही डांबरी रस्ता आहे. बापूसाहेब खूश झाले, लग्न झालं. पुढं कधीतरी फुशारकीनं मी ही गोष्ट त्या मुलालाच सांगून बसलो. काही वर्षांनी कळंबच्या बाजारात त्याची बायको भेटली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, एक लेकरू कडेवर. तिनं मला ओळखलं. म्हणाली, “काका, त्या दिवशी दांडा काहून नाई ओढला तुमी?” ती हसून म्हणाली, पण मला हसता आलं नाही. संसार तिचा चांगला आहे, नवरा आजही गुणाचाच आहे. रस्ता मात्र अजून झालेला नाही, आणि त्या चिखलात तिला मी दिली.

आता गुन्ह्याकडं येतो.

यंदा मे महिन्यात गाडीची मुदत संपली. पुन्हा पासिंग करायचं तर बॉडी, ब्रेक, धूर, सगळ्याचं काम निघत होतं. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, आता बस करा. दुसऱ्या दिवशी बायको कुसुमच्या कोंबड्या गाडीखाली बसायला लागल्या आणि तिनं त्यांना हाकललं नाही. मी गाडीवर ताडपत्री टाकली. मृग आला आणि गेला. त्या दिवशी मी घराच्या मागच्या दारानं ये-जा केली, कारण पुढच्या दारातून ती दिसत होती.

जुलैत एका दुपारी भीमाबाई आली. भीमाबाई पोडातली, माझी जुनी प्रवासी. कमरेपर्यंत ओली, हातात काठी. तिची मुलगी मनीषा दहावीला मार्चमध्ये गणितात गेली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचा जुलैचा गणिताचा पहिला पेपर होता, केंद्र कळंबला. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. पोडाच्या पायथ्याचा नाला भरलेला, आणि नाल्यापासून डांबरी सडकेपर्यंत सात किलोमीटर नुसता काळा चिखल. धडधाकट माणूस तुडवत येईल, भीमाबाई आलीच होती. पण मनीषाला ताप होता. आदल्या दिवशी निघाल्या तेव्हा पोरगी अर्ध्या कोसावर चक्कर येऊन बसली आणि मायलेकी परत फिरल्या.

भीमाबाईनं येताना तीन गाडीवाल्यांना विचारलं होतं. तिघांनी तिकडं रस्ता नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. मीही तिला सांगितलं, बाई, गाडीची मुदत संपली, काढता येत नाही. ती गाडीकडं बघत राहिली. मग जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहितो. “माह्या भावाची पोरगी अशीच घरी राह्यली होती. तिच्या कागदावर गैरहजर लिहून आलं. शाळेतले लोक म्हणे, या लोकायले शिकाची आवडच नाई. माही पोरगी दोन महिन्यापासून गणित करून राह्यली. तिले आवड नाई असं कोणी म्हणायले नको.”

मी काही फार मोठा विचार केला नाही. खोटं कशाला सांगू? मला तिचा नाही, त्या शाळेतल्या लोकांचा राग आला. हे बोलणं मी माझ्या लहानपणी आमच्या वस्तीबद्दल ऐकलेलं आहे, फक्त माणसं बदलली. कुसुमनं भीमाबाईला कोरडं लुगडं दिलं, जेवू घातलं आणि मुक्कामाला ठेवून घेतलं. मी ताडपत्री काढली, कोंबड्या हाकलल्या. बॅटरी चार्ज करायला नेली, तेलपाणी केलं, ब्रेक दहा वेळा दाबून बघितले. ब्रेक बरे होते. नसते तर मी गेलो नसतो, हेही लिहून ठेवतो.

सकाळी सहाला आम्ही दोघं निघालो. पेपर अकराला, पोरगी साडेदहाला केंद्रावर पाहिजे. सडक सोडली, दांडा ओढला. सात किलोमीटरला सव्वा तास लागला. गाडी नेहमीपेक्षा जास्त भटकत होती, पण मला वाटलं, रिकामी आहे, मागं वजन नाही. नाल्यावर आलो. पायी जाऊन आलो, भीमाबाई पुढं, मी मागं. पाणी मांडीपर्यंत, खाली तळ कडक, फक्त पलीकडच्या काठाला दहा-पंधरा फूट गाळ. कमरेच्या वर असतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो. गाडी घातली. पाणी पार झालं आणि गाळात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडी उभी राहिली.

लो गिअर लावला. तेच. मागं घेतली, पुढं घेतली. तेच. सव्वीस वर्षांत मी या गाडीवर इतका चिडलो नव्हतो. चार चाकं लागलेली असताना एवढ्याशा गाळात अडकायचं काय कारण? मी तिला नाही नाही ते बोललो. भीमाबाई खाली उतरून पुढच्या चाकापाशी उभी होती. ती म्हणाली, पुढचं चाक तर फिरतच नाई बा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुलै महिना म्हणजे हब लावलेले असणारच, हे माझ्या हाडात बसलेलं होतं. दर साली मृगात मी ते लावतोच. यंदा मृगात गाडी ताडपत्रीखाली होती आणि मी मागच्या दारानं फिरत होतो. हब मोकळेच होते. सात किलोमीटर मी दोन चाकांवर आलो होतो, दांडा ओढून, चार चाकांच्या घमेंडीत. नव्या पोरानं ही चूक केली नसती, तो दर वेळी उतरून बघतो. ही चूक करायला माझ्यासारखा जुना जाणताच लागतो.

गाळात बसून दोन्ही चकत्या शोधल्या. उजवी फिरली. डावी गंजून घट्ट झालेली. पान्याची मूठ मारली, रॉकेलचं फडकं दाबून धरलं, काही नाही. घड्याळात आठ वाजून गेले होते. मी गाळात बसलेला, हाताची सालं निघालेली, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली की आपण म्हाताऱ्याच्या हट्टानं या बाईला फसवलं. पायी निघाल्या असत्या तर कदाचित रडतखडत पोचल्या असत्या. आता तीही वेळ गेली होती. माझ्या भरवशावर राहून पोरगी गैरहजर लागणार होती, आणि मग लोक काय म्हणणार ते मला तोंडपाठ होतं.

भीमाबाईनं मला बाजूला व्हायला सांगितलं. लुगड्याचा पदर हबभोवती गुंडाळला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि घरच्या तेलाच्या बरणीचं झाकण उघडावं तसा सगळा जोर लावून पीळ दिला. चकती हलली. मी गाडी वीतभर मागंपुढं केली तेव्हा आतून टक्‌ आवाज आला आणि हब लागला. मग काय, गाडी त्या गाळातून अशी निघाली जशी काही अडकलीच नव्हती.

पोडात पोरगी तयार बसलेली. अंगावर शाळेचा ड्रेस, डोक्याला ओला रुमाल, मांडीवर कंपासपेटी. पाणी वाढायच्या आत परतायचं होतं. मी पोडातल्या लोकांना सांगितलं, मला मागं वजन पाहिजे. सहा माणसं लगेच बसली, त्यात एक आजोबा होते, त्यांना कुठंच जायचं नव्हतं. एक जण काठी घेऊन नाल्यात पुढं चालला, त्याच्या मागं गाडी. लो गिअरचा दुसरा, पाय एकसारखा, मधे थांबायचं नाही आणि क्लच दाबायचा नाही. पाणी दरवाजाच्या खालच्या पट्टीला लागलं. या वेळी चारही चाकं खरोखर लागलेली होती. पलीकडं चढल्यावर सहाही माणसं उतरली आणि नाल्यातून पायी घरी गेली. त्यांचं काम झालं होतं.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी मनीषा केंद्राच्या दारातून आत गेली. पाच मिनिटं उशीर. दारावरच्या सरांनी तिच्याकडं बघितलं, माझ्या गळ्यापर्यंतच्या चिखलाकडं बघितलं आणि काही न विचारता सोडलं. त्या सरांचं नाव मला माहीत नाही, पण त्यांचं भलं होवो.

मायलेकी दुसऱ्या पेपरासाठी कळंबलाच थांबल्या. मी एकटा परत येताना चौकात तपासणी चालू होती. निरीक्षक साहेब तरुण होते, चांगल्या घरचे, अहो-जाहो करून बोलणारे. कागद बघितले, हकिगत ऐकली. त्यांना वाईट वाटलं हे मला दिसलं. त्यांनी मला बाजूला घेऊन मार्ग सांगितला. मुदत संपल्याचं ध्यानात नव्हतं, चुकून आणली, असं लिहून द्या. थोडक्यात निभेल, गाडीही सुटेल, मग काम करून पासिंग करून घ्या. पेनही त्यांनीच पुढं केलं.

मी पेन घेतलं. एका शब्दाचं काम होतं. पण मला त्या गाळात बसलेली भीमाबाई आठवली. मी चुकून आणली असं लिहिलं असतं, तर ती पोरगी चुकून परीक्षेला बसली असं झालं असतं. हब विसरलो ती माझी चूक होती, ती मी जगाला सांगतो. गाडी काढली ती चूक नव्हती. मी साहेबांना म्हटलं, “चुकून नाई साहेब. जाणूनबुजून आणली. मले मुदत माहीत होती. तसंच लिहा.”

त्यांनी दोनदा विचारलं. मग तसंच लिहिलं. गाडी तिथूनच त्यांच्या आवारात गेली आणि अजून तिथंच आहे. आता ती भंगारात जाईल. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. जुनी गाडी कोणाच्या जिवावर उठू शकते, हे सव्वीस वर्षं चाक धरलेल्याला कळतं. नियम बरोबर होता आणि मीही बरोबर होतो, असं कधी कधी असतं. मग ज्यानं त्यानं आपापलं भोगायचं.

 तिसऱ्या दिवशी कुसुम म्हणाली, एक शब्द लिहिला असता तर दारात गाडी असती. मी म्हटलं, असती. तिच्या म्हणण्यात काही चूक नाही. कोंबड्या बसायच्या तिथली जागा आता मोकळी आहे आणि सकाळी उठल्यावर माझी नजर आधी तिकडंच जाते. वाईट वाटतं. कोणाला सांगायला लाज वाटत नाही, लय वाईट वाटतं.

ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. मनीषा नापास झाली. शंभरात सत्तावीस.

गावाला विषय मिळाला. गाडी बी गेली अन् पोट्टी बी गेली, असं माझ्या तोंडावर म्हणणारे भेटले. कोणी कीव केली, कोणी अक्कल शिकवली. एक जण म्हणाला, शेषराव, एवढं करून शेवटी काय मिळवलं? मी त्या दिवशी त्याला चहाही पाजला नाही. 

पोळा झाल्यावर नाला उतरला आणि मायलेकी बाजाराला आल्या तेव्हा घरी आल्या. मला वाटलं पोरगी रडेल, म्हणून कुसुमला मी आधीच सांगून ठेवलं होतं की निकालाचं काढू नको. पण तिनंच पिशवीतून गुणपत्रिका काढली आणि माझ्या हातात दिली. चष्मा लावून बघितली. गणितापुढं सत्तावीस.

“पहा बाबा,” ती म्हणाली, “नापास लिहिलं हाये. गैरहजर नाई लिहिलं. मार्चात मले अठरा होते.”

मी पुन्हा बघितलं. अठराचे सत्तावीस, तेही तापात. म्हणजे त्या पोरीला नाल्यानं नापास केलं नव्हतं, चिखलानं केलं नव्हतं, आमच्या नसलेल्या रस्त्यानं केलं नव्हतं. गणितानं केलं होतं, जसं ते पुण्याच्या आणि नागपूरच्या पोरांना करतं. गणिताशी तिचं ती बघून घेईल. मला काय मिळालं, ते तिथं आकड्यात लिहिलेलं होतं. आता कोणी विचारलं तर मी तोच आकडा सांगतो.

जाता जाता तिला विचारलं, आता मार्चात बसशील, तेव्हा नाला कोरडा असतो, पण तेव्हाही नाही निघाला विषय तर काय करशील? ती म्हणाली, मग जुलैत बसीन, तुमी गाडी पाहून ठेवा.

वणीला एक आहे. तशीच लांब, तसाच आखूड दांडा, कागद अजून चार वर्षं चालणारे. पाहून ठेवली आहे.